गुरुवारी मोठी खोली मोकळी असते

मंगळवार, ३ फेब्रुवारी

पूल नाही, रस्ता नाही — यंदा तुरुंग! क्लोव्हिसनं सकाळी माझ्या टेबलावर कागदांचा गठ्ठा आपटला. "वेंडेल, तू पुलासाठी पैसे आणलेस, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतो त्या मिठासाठी आणलेस. आता ह्याच्यासाठी आण." क्लोव्हिस रॅटलिफ आमच्या काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, प्रमुख. तिसऱ्यांदा निवडून आलाय, त्यामुळे विचारायची सवय त्याची मोडलीय, नुसतं सांगतो.

गठ्ठ्यावर लिहिलंय — तुरुंगाचा अतिवापर कमी करू इच्छिणाऱ्या स्थानिक प्रशासनांना अनुदान. शिकागोचं कुठलंसं फाउंडेशन आहे. अतिवापर! मिठाचा अतिवापर मला कळतो. जास्त टाकलं की पुलाचं लोखंड खातं. तुरुंगाचं काय? क्लोव्हिसला विचारलं. म्हणाला, "माणसं जमिनीवर झोपायला लागली की अतिवापर." मग गाद्याच मागू या की, म्हटलं. तो हसला नाही.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

जेलरकडे गेलो. बर्ल कॉम्ब्ज. आमच्या केंटकीत जेलरसुद्धा मतं मागून निवडून येतो, तेव्हा बर्ल सगळ्यांशी गोड बोलतो, कोठडीतल्यांशीही. त्यांची भावंडं मतदार असतात ना!

मी विचारलं, तुझ्याकडे किती माणसं जास्त आहेत? म्हणाला, "जास्त? मला तर कमी पडतायत."

मला वाटलं थट्टा करतोय. नाही. राज्याच्या तुरुंगांतली माणसं तो आपल्याकडे ठेवून घेतो आणि राज्य दर डोक्यामागे पैसे देतं. त्यातून काउंटीच्या रुग्णवाहिकेचं पेट्रोल निघतं. "तू आपली माणसं सोड, वेंडेल. मी संध्याकाळपर्यंत जागा भरून दाखवतो." म्हणजे एका खिशानं तुरुंग रिकामा करायला पैसे मागायचे आणि दुसऱ्या खिशानं भरायचे घ्यायचे. हे अर्जात कुठल्या रकान्यात लिहायचं?

आपली म्हणजे कोण, विचारलं. बर्ल म्हणाला, निम्मे तर तारीख चुकवलेले. गुन्हा राहिला बाजूला, कोर्टात हजर झाले नाहीत म्हणून वॉरंट, वॉरंट म्हणून आत. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं मी म्हणालो. तो म्हणाला, "संन्यासी कोणी नाही रे त्यात. पण चोरही फारसे नाहीत."

मंगळवार, १० फेब्रुवारी

अर्जाची अट : समितीत तुरुंग भोगलेली एक व्यक्ती हवीच. क्लोव्हिस — "म्हणजे कैदी? माझ्या शेजारी?" मी म्हटलं, समोर बसव.

घरी नॅडीनला सांगितलं. माझी बायको, चर्चमध्ये पियानो वाजवते आणि गावातल्या सगळ्यांची कुंडली तिला पाठ. पातेल्यातल्या घेवड्यातून डाव न काढता म्हणाली, "जोलीन टॅकेट. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात असते. तीन वर्षांपूर्वी आत होती. बोलते बघ कशी, तुमच्या क्लोव्हिसला विकून खाईल."

गुरुवार, १२ फेब्रुवारी

वृद्धाश्रमाच्या मागच्या दारी जोलीनला भेटलो. पन्नाशीची, काटक, हाताला कांद्याचा वास. दुधाच्या क्रेटवर तिची नात बसली होती, ओपल, चार वर्षांची, मक्याच्या ब्रेडचा तुकडा कुरतडत. ओपलची आई लेक्झिंग्टनला नशा सोडवायच्या ठिकाणी आहे, तिसऱ्यांदा. पोर वर्षभर आजीकडे. कायमची आजीकडे ठेवायची की सरकारनं दुसरं घर बघायचं, ते एप्रिलअखेर कोर्ट ठरवणार.

मी विचारलं, लोक तारीख का चुकवतात?

"का म्हणजे? दंड भरला नाही म्हणून माझं लायसन्स काढून घेतलं. मग म्हणाले, त्यासाठी कोर्टात या. पंचवीस मैल! कशावर बसून येऊ, झाडूवर?" मग म्हणाली, "गेले गाडी चालवत. धरलं. आता विनालायसन्स गाडी चालवल्याची वेगळी तारीख."

समितीत याल का, विचारलं. मुलीकडे बघून म्हणाली, "त्याचा कागद मिळेल? जजबाईला दाखवायला. समितीवर आहे म्हणून." म्हटलं, मिळेल. इतकी खूश झाली की मलाच लाजल्यासारखं झालं.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

बर्फ! गुडघाभर. कोर्ट बंद, कचेरी बंद. फाउंडेशनवाले पाहायला आले तर, म्हणून समितीची रंगीत तालीम आज होती, ती पुढं ढकलली. पुढच्या गुरुवारी क्लोव्हिस राजधानीला, फ्रँकफर्टला, म्हणजे ५ मार्च. गुरुवारच, कारण गुरुवारी खाली कोर्ट भरतं आणि वकील-बिकील सगळे तिकडे असतात, म्हणून वरची मोठी खोली मोकळी असते. वर्षानुवर्षं असंच चालत आलंय.

जोलीनला फोन केला. म्हणाली, "देव पावला. माझीही लायसन्सची तारीख आजच होती, गाडी कुणाची मागावी कळेना. क्लार्क म्हणतेय नवी तारीख टपालानं कळवू. मी म्हटलं, बाई, माझा पत्ता बदललाय, जुनं घर पुरात गेलं. म्हणाली, हो हो."

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

टपाल नाही आलं म्हणून जोलीननं क्लार्कला पुन्हा फोन केला म्हणे. येईल, येईल.

गुरुवार, ५ मार्च

तालीम झाली. सगळे होते : क्लोव्हिस, बर्ल, शाळेची मुख्याध्यापिका, एक पाद्री, मी. जोलीन नॅडीनचा निळा कोट घालून आली होती, तिला खांद्यात मोठा. पाच मिनिटं दिली होती, ती पंधरा बोलली आणि कोणी हललं नाही. "तुम्ही म्हणता लोक कोर्टाला घाबरत नाहीत. अहो, घाबरतात म्हणून तर येत नाहीत! आणि काही जण यायला निघालेलेच असतात. पोहोचत नाहीत इतकंच." मुख्याध्यापिकेनं डोळे पुसले. बर्लसुद्धा टोपी काढून बसला.

मध्येच खालून जिन्याशी कोर्टाच्या शिपायाचा पुकारा सुरू झाला. एकेक नाव तीन-तीनदा, घसा ताणून. जोलीनचं बोलणं ऐकू येईना. मी उठलो आणि दार लावून घेतलं.

पुडिंग नॅडीननं केलं होतं, केळ्यांचं. भांडं चाटून पुसून साफ!

बुधवार, ११ मार्च

अर्ज गेला : तारखेआधी लोकांना फोन, कोर्टात यायला गाडी. आता मला कुणी 'तुरुंग' म्हटलं तरी दचकायला होतं.

सोमवार, १६ मार्च

शिकागोहून फोन. पाहायला येतायत! गुरुवारी, २६ ला. सकाळी समिती, दुपारी तुरुंग दाखवायचा. क्लोव्हिसनं कोर्टाचा जिना रंगवायला घेतलाय.

गुरुवार, २६ मार्च

काय लिहू.

मी लवकर पोहोचलो. दारात नेहमीची तपासणी. माझ्या पुढे जोलीन, निळा कोट, केस धुतलेले. शिपायानं ओळखपत्र मशिनीखाली धरलं आणि त्याचा चेहरा पडला. "जोलीन… तुझ्यावर वॉरंट आहे गं." ती हसली. "माझ्यावर? मी वर चाललेय. समितीत." तो म्हणाला, "पाच मार्चची तारीख. हजर झाली नाहीस. तीनदा पुकारलं मी स्वतः."

पाच मार्च! म्हणजे पत्र जुन्या पत्त्यावरच गेलं.

ती माझ्याकडे बघायला लागली. आम्हा दोघांना एकाच वेळी कळलं. बरोबर त्या वेळी ती खालच्या कोर्टाच्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर, लोक तारीख का चुकवतात ते सांगत होती. आम्हीच बसवलं होतं तिला तिथं! कोट काढून माझ्या हातात दिला. "नॅडीनला सांगा, ओपलला शाळेतून आणायचंय." मग तिला नेलं.

मी वर धावलो. क्लोव्हिसनं ऐकून घेतलं, खिडकीतून बघितलं. शिकागोची गाडी लागत होती. म्हणाला, "तब्येत बरी नाही म्हणायचं. एक शब्द जास्त नको."

फाउंडेशनकडून दोघं आले. मुख्य ती इनेस व्हाल्वर्दे नावाची बाई, छोटीशी, वही न घेता आलेली. "तुमच्या जोलीन टॅकेट कुठं आहेत? त्यांच्यासाठी तर आलो." क्लोव्हिस म्हणाला, तब्येत बरी नाही. आणि मी? मी मान हलवली. हो, हलवली. का हलवली ते कळत नाही. इतकी माणसं आत सडतायत, अनुदान आलं तर पुढच्यांना फोन जातील, गाड्या जातील — असं काहीतरी डोक्यात होतं. किंवा काहीच नव्हतं.

दुपारी तुरुंग. हा विचार कुणाच्याच डोक्यात आला नव्हता! बर्लच्याही नाही. बर्लनं मोठ्या ऐटीत बायकांच्या बाजूचं दार उघडलं. समोर बाकावर नारिंगी कपड्यांत जोलीन.

ती उठून उभी राहिली. व्हाल्वर्देबाईंकडं बघितलं, मग माझ्याकडं. "वेंडेल, बसून बोलू की उभी राहून? पाच मिनिटं दिली होतीत ना?"

आणि बोलली. तेच सगळं, गजांआडून. शेवटी म्हणाली, "आणि बाई, माझी तब्येत ठणठणीत आहे. दाराबाहेर तुम्हाला काय सांगत होते ते ऐकलं मी."

क्लोव्हिस भिंतीकडे बघत होता. व्हाल्वर्देबाईंनी एकच विचारलं, "तुमची नात कुठं आहे आता?" मग ते गेले. हस्तांदोलनही धड नाही.

ओपल आमच्या सोफ्यावर झोपलीय. आजी कुठं, विचारलं. नॅडीन म्हणाली, कामाला. पोर म्हणाली, "कोट तर इथं आहे."

शुक्रवार, २७ मार्च

क्लोव्हिस दिवसभर ओरडत होता. मी दौरा आखला, मी बाई निवडली, मी तालीम ठेवली, सगळं माझंच. खरंच आहे. गुरुवार मीच निवडला होता.

मला एक गोष्ट छळतेय. त्या दिवशी शिपाई जी नावं पुकारत होता त्यात 'टॅकेट' होतं. असणारच, तो म्हणतो तीनदा पुकारलं. मग मला ऐकू आलं का? ऐकू आलं असेल आणि मी तरीही दार लावलं? की मला नुसता आवाजच आला? आठवून आठवून डोकं फुटायची वेळ आली. रात्री नॅडीनला विचारलं, माणसाला नाव ऐकू येतं तेव्हा ते कळतं ना? ती म्हणाली, "तुला मी हाक मारते तेव्हा कळतं का?"

हे अजून कुणाला सांगितलं नाही. नॅडीनलाही दाराचं सांगितलं नाही.

सोमवार, ३० मार्च

कोर्टात गेलो. खिशात माझा कागद : जोलीन टॅकेट ५ मार्चला काउंटीच्या समितीसमोर हजर होत्या. सही केली, शिक्का मात्र मारला नव्हता, कारण शिक्का क्लोव्हिसच्या कपाटात. दाराचं काही लिहिलं नव्हतं.

जज प्रेथर. कडक बाई, पण वाईट नाही. म्हणाली, कबूल करत असाल तर चार दिवस भोगलेत तेवढे पुरे, आत्ता घरी जा. कबूल नसेल तर साक्षीपुरावा, पुढची तारीख, आणि जामीन भरता येत नाही तर तोवर आत. मी उठायला लागलो. जोलीन वळून म्हणाली, "कागद ठेवा खिशात, वेंडेल. तुमच्याकडे वेळ आहे, माझ्याकडे ओपल आहे."

"कबूल," म्हणाली.

बाहेर तिला मी म्हटलं, पण तू काही केलंच नव्हतंस! ती म्हणाली, "मग? केलं नाही म्हणून लवकर सोडतात का?"

गुरुवार, ९ एप्रिल

बालकल्याणची बाई जोलीनच्या घरी येऊन गेली. नवा गुन्हा कबूल केलाय, चार दिवस पोर परक्या घरी होती, हे सगळं अहवालात जाणार. परकं घर म्हणजे आमचं! नॅडीन इतकी भडकली की पियानोचं झाकण आपटलं.

ओपलच्या ताब्याची तारीख पडली : ३० एप्रिल.

मंगळवार, १४ एप्रिल

अनुदान मंजूर!!

व्हाल्वर्देबाईंनी स्वतः फोन केला. म्हणाली, प्रत्येक काउंटीत आम्हाला एक सुधारलेला माणूस व्यासपीठावर बसवून दाखवतात. तुमच्या बर्लसाहेबांनी दार उघडलं आणि खरं होतं ते दिसलं. मी म्हटलं, ते आम्ही मुद्दाम नव्हतं केलं. ती म्हणाली, "ठाऊक आहे. म्हणून तर."

संध्याकाळपर्यंत क्लोव्हिस गावभर सांगत होता की ती त्याचीच कल्पना! बर्लनं त्याला विचारलं म्हणे, "मग बाईला आत टाकायची कल्पनाही तुझीच का?"

मला आनंद व्हायला हवा. झालाही. मग जोलीनला फोन केला तर ती म्हणाली, "छान झालं हो वेंडेल. खरंच." फोन ठेवल्यावर आनंद कुठं गेला कळलं नाही.

शुक्रवार, १७ एप्रिल

समारंभ ठरला. गव्हर्नरचा माणूस, वर्तमानपत्र, सगळे. मोठी खोली, सकाळी नऊ, गुरुवार ३० एप्रिल. मी म्हटलं, क्लोव्हिस, गुरुवार नको! म्हणाला, "का? गुरुवारी मोकळी असते ना खोली?"

बुधवार, २२ एप्रिल

जोलीनच्या वकिलानं विचारलंय : तुम्ही येऊन सांगाल का, पाच मार्चला काय झालं? साक्षीला दुसरं कोणी यायला तयार नाही. मुख्याध्यापिकेला शाळा आहे, पाद्र्याला अंत्यविधी. बर्ल म्हणाला, "मला निवडणूक आहे."

क्लोव्हिसला सांगितलं. दार लावून घेतलं त्यानं, खुर्ची ओढून बसला, अगदी मऊ आवाजात — "वेंडेल, तू कोर्टात म्हणणार की काउंटीनंच तिला तारीख चुकवायला लावली. त्याच सकाळी, वर आम्ही चेक घेत असताना! पेपरवाला एक जिना उतरला की संपलं. फाउंडेशन मागे फिरलं तर? शंभर जोलीन आत राहतील एका जोलीनसाठी. शुक्रवारी मी तुला हवा तो कागद देतो, शिक्क्यासकट."

शुक्रवारी! गुरुवारी पोर गेली तर शुक्रवारचा शिक्का कुठं मारू?

पण त्याचं शंभराचं म्हणणं खोटं आहे का? मला ते खोडता येत नाही. इकडे आड, तिकडे विहीर. रस्त्याच्या कामात असं कधी नव्हतं. खड्डा आहे की नाही, एवढंच.

शनिवार, २५ एप्रिल

ओपल आणि जोलीन जेवायला. नॅडीननं डोंगरातला रानलसूण बटाट्यांत परतला, घरभर वास. ओपलनं मला विचारलं, "तू काय काम करतोस?" जोलीन म्हणाली, "लोकांना वेळेवर कोर्टात पोचवायचं काम मिळालंय त्यांना." टोमणा नव्हता, ती खरंच तसं म्हणत होती. मी ताट बाजूला सारलं.

जाताना दारात म्हटलं, जोलीन, गुरुवारी मला वर… ती मध्येच म्हणाली, "माहितीय. तुम्ही जे केलंत ते पुष्कळ केलंत."

काय केलं मी?

बुधवार, २९ एप्रिल

नॅडीनला शेवटी दाराचं सांगितलं. भांडी पुसत होती. मला वाटलं चिडेल. म्हणाली, "ऐकू आलं होतं की नाही, ह्यावर महिनाभर डोकं खाजवतोयस. उद्या कुठं बसायचंय तेवढं ठरव." आणि निळा कोट इस्त्रीला घेतला. एप्रिलात कोट कशाला, म्हटलं. "तिला धीर येतो त्यानं."

क्लोव्हिसचा निरोप : पावणेनऊला वर ये, टाय लाव.

गुरुवार, ३० एप्रिल

ओपल जोलीनकडेच राहणार. हे आधी लिहून ठेवतो.

टाय लावला होता. जिन्यापर्यंत गेलो, आणि खालीच राहिलो. उकडत होतं म्हणून कोर्टाचं दार उघडं टाकलेलं. वरच्या टाळ्या सगळ्या खाली येत होत्या. मी साक्षीला उभा राहिलो, जज प्रेथरनं विचारलं, तुम्ही या बाईंचे कोण? तेवढ्यात वरून माईकवर क्लोव्हिसचा आवाज — हे सगळं ज्याच्यामुळे झालं तो वेंडेल फ्युगेट कुठं आहे? वेंडेल! वेंडेल फ्युगेट! तीनदा. सगळं कोर्ट माझ्याकडं बघायला लागलं. जजबाई म्हणाली, "तुमचा पुकारा होतोय."

मी म्हटलं, ऐकू आलंय मला. जाऊन दार लावून घेतलं आणि परत येऊन उभा राहिलो.